सेंदाईचे उघडे दार

विद्येकरिता समुद्र ओलांडणे ही गोष्ट आपल्या मॉरिशसच्या मराठी समाजाला नवीन राहिलेली नाही. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातील व घाटावरील खेड्यांतून शर्तबंद मजूर म्हणून निघाले आणि करारनाम्यावर अंगठा उमटवून पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढले, त्यांची पतवंडे आज लंडन, पॅरिस, पुणे, मुंबई येथून पदव्या घेऊन परततात. वैद्यक, वकिली, हिशेबनिशी आणि अलीकडे संगणकविद्या या वाटा आता चांगल्या मळल्या आहेत. मुलाने वा मुलीने यांपैकी एखादी वाट धरली म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. परंतु एखादी कन्या जर म्हणाली की, मला जीवरसायनशास्त्रात संशोधन करावयाचे आहे आणि त्यासाठी जपानातील सेंदाई नावाच्या शहरी पाच-सहा वर्षे राहावयाचे आहे, तर त्या घरात काय संवाद होईल याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. हे सेंदाई आले कोठे, तेथे आपले कोण आहे, आणि इतक्या वर्षांनी हाती काय येणार, हे तीन प्रश्न तर ठरलेलेच. प्रस्तुत लेख मुख्यतः हे प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आहे.

सेंदाई हे टोकियोच्या उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर वसलेले नगर. जलद आगगाडीने तेथे दीड तासात पोहोचता येते. सतराव्या शतकाच्या आरंभी दाते मासामुने या सरदाराने ते वसविले. रस्त्यांच्या दुतर्फा उंच वृक्ष असल्यामुळे जपानी लोक त्याला वृक्षांची नगरी म्हणतात. लोकवस्ती दहा लाखांहून अधिक. ज्या प्रदेशाचे ते मुख्य शहर आहे त्याचे नाव तोहोकू, म्हणजे ईशान्य. हा प्रदेश थंडीचा, भातशेतीचा आणि पूर्वी दुष्काळांचा म्हणून प्रसिद्ध होता; राजधानीतील लोक त्याच्याकडे काहीशा मागासलेपणाच्या दृष्टीने पाहत. अशा ठिकाणी १९०७ साली जपानातील तिसरे साम्राज्य विद्यापीठ स्थापन झाले. टोकियो व क्योतो यांच्या मागून आलेल्या या धाकट्या भावंडाने एक गोष्ट मात्र थोरल्यांच्या आधी केली, आणि तीच या लेखाचा प्राण आहे.

त्या काळी जपानात साम्राज्य विद्यापीठाचे दार ठरावीक उच्च विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठीच उघडे असे. ही विद्यालये मोजकी, त्यांत प्रवेश दुर्घट, आणि ती केवळ मुलांची. शिक्षक-विद्यालयातून किंवा धंदेशिक्षणाच्या शाळेतून शिकलेला विद्यार्थी कितीही बुद्धिमान असो, त्याची पायरी तेथेच संपे. सेंदाईचे पहिले कुलगुरू मासातारो सावायानागी यांनी या नियमाला फाटा दिला. योग्य परीक्षा देऊन जो उत्तीर्ण होईल त्याला आत घ्यावे, तो कोणत्या शाळेतून आला हे पाहू नये, असे धोरण तेथे ठरले. उघडे दार हेच शब्द ते विद्यापीठ आजही आपल्या तत्त्वांत प्रथम सांगते.

या दारातून १९१३ साली तीन स्त्रिया आत आल्या. जपानच्या कोणत्याही विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश मिळण्याचा तो पहिला प्रसंग. चिका कुरोदा व उमे तांगे या दोघी रसायनशास्त्रासाठी, तर राकु माकिता गणितासाठी. त्या वेळी सावायानागी पदावर नव्हते. तोकियुकी होजो कुलगुरू होते. ऑगस्ट महिन्यात, प्रवेशाची धामधूम चालू असतानाच, शिक्षण मंत्रालयाकडून विद्यापीठाला पत्र आले. स्त्रियांना विद्यापीठात घेणे ही पूर्वी न घडलेली व अत्यंत गंभीर बाब आहे, तरी खुलासा करावा, असा त्याचा आशय होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला असे पत्र येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. विद्यापीठाने निर्णय बदलला नाही.

या तिघींपैकी उमे तांगे यांचे वय तेव्हा ४० वर्षांचे होते. बालपणी अपघाताने त्यांचा एक डोळा गेला होता. चाळिशीत त्या विद्यार्थिनी झाल्या, पुढे अमेरिकेत जाऊन १९२७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली, आणि जीवनसत्त्वांवर संशोधन केले. वय निघून गेले असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

चिका कुरोदा यांची कथा अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण जीवरसायनशास्त्रातील संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय काम असते हे तिच्यावरून उत्तम समजते. त्या १८८४ साली दक्षिणेकडील सागा येथे जन्मल्या. टोकियोच्या महिला शिक्षक-विद्यालयात शिकून तेथेच शिकवीत होत्या. सेंदाईला आल्या तेव्हा त्या २९ वर्षांच्या होत्या. त्यांचे गुरू रिको माजिमा हे जपानी लाखेच्या झाडाच्या चिकाची रासायनिक घटना उलगडणारे थोर संशोधक. युरोपातील प्रयोगशाळांशी त्यांच्याच विषयांत स्पर्धा करण्यापेक्षा आपल्या मातीत उगवणाऱ्या वस्तूंचे अंतरंग शोधावे, हा माजिमांचा मार्ग होता. कुरोदांनी जांभळ्या रंगाची मुळी निवडली. मुरासाकी नावाच्या एका लहानशा वनस्पतीच्या मुळांपासून जपानी दरबारातील उंची जांभळी वस्त्रे शतकानुशतके रंगविली जात. परंतु तो रंग कोणत्या पदार्थाचा, हे कोणासच ठाऊक नव्हते. आपल्याकडे रतनजोत म्हणून जी लाल मुळी तेलाला रंग आणण्यासाठी वापरतात ती याच कुळातील होय.

आता वाचकांनी क्षणभर असे समजावे की, त्यांच्यापुढे मुळांचा ढीग आहे आणि त्यातील एकच पदार्थ, इतर शेकडो पदार्थांपासून सोडवून, निर्मळ करून हाती घ्यावयाचा आहे. मुळे कुटावी, द्रावकात भिजवावी, गाळावी, आटवावी; पुन्हा विरघळवावी, पुन्हा गाळावी. शेवटी निर्मळ स्फटिक मिळाले म्हणजे खरे काम सुरू होते. त्या पदार्थाचे मापून तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा ओळखावयाचा, आणि पडलेल्या वाड्याच्या चौथऱ्यावरून वाडा कसा असेल हे ताडावे त्याप्रमाणे मूळ रेणूची रचना ताडावयाची. हल्ली हे काम यंत्रांच्या साहाय्याने फार लवकर होते. त्या काळी हात, डोळे आणि धीर एवढीच साधने होती. १९१६ साली कुरोदा पदवीधर झाल्या. त्यांच्यासह माकिता यांनाही त्याच वर्षी पदवी मिळाली आणि जपानातील पहिल्या महिला विज्ञान-पदवीधर म्हणून दोघींची नोंद झाली. पुढे १९१८ साली टोकियोच्या रसायन परिषदेपुढे कुरोदांनी आपले संशोधन मांडले. त्या पदार्थाचे नाव शिकोनिन. रतनजोतीतील अल्कॅनिन हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांची रचना एकच, फक्त उजवा हात आणि डावा हात असावा तशी एकमेकांच्या उलट. ही गंमत पुढे १९३० नंतरच्या दशकात एका जर्मन संशोधकाने दाखवून दिली.

दोन वर्षे ऑक्सफर्डला राहून आल्यावर कुरोदांनी दुसरा रंग घेतला, आणि येथे आपल्या घाटावरच्या वाचकांना परिचित वास येईल. हा रंग करडईच्या फुलांचा. सोलापूर-मराठवाड्याकडे जिचे तेल गाळतात आणि जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात तीच करडई. तिच्या फुलांचा कुसुंबी रंग आपल्या आज्या-पणज्यांच्या लुगड्यांना लागत असे. सेंदाईच्या शेजारच्या यामागाता प्रांतात हे पीक पूर्वापार होते. फुलांत पिवळा रंग भरपूर, तांबडा मात्र शेकडा एक भागही नाही. पिवळा पाण्याने धुवून टाकावा, तांबडा राखेच्या क्षारजलात उतरवावा आणि आंबट रसाने कापडावर बसवावा, ही युक्ती भारतातील रंगारी आणि जपानी रंगारी दोघेही जाणत होते. त्या तांबड्या रंगाच्या रचनेवरील निबंधाला १९२९ साली कुरोदांना विज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. त्यांनी सुचविलेली रचना पुढील पिढीने अधिक चांगल्या साधनांनी दुरुस्त केली. युद्धानंतर, साठी ओलांडलेली असताना, त्या कांद्याच्या सालींकडे वळल्या. टाकाऊ सालींतून त्यांनी क्वेर्सेटिनचे स्फटिक काढले आणि त्या कामातून रक्तदाबावरील औषध तयार झाले. १९६८ साली त्या निवर्तल्या.

सेंदाईची ही कथा वाचताना मराठी माणसाला दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. कमला भागवत, विवाहानंतर कमला सोहोनी. विदुषी दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. स्त्री आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई मुंबईहून बंगळूरला गेल्या, सत्याग्रहाच्या मार्गाने अडून बसल्या, आणि अखेर प्रवेश मिळाला तो अटींसह: पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पसंत पडले तरच नियमित प्रवेश. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर स्त्रियांना तेथे प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाच्या क्रियेतील द्रव्य शोधले, ते वनस्पतींच्या पेशींत सर्वत्र असते हे दाखविले, आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक असताना नीरा, म्हणजे ताडामाडाचा न आंबलेला गोड रस, कुपोषित माता-बालकांना किती उपयोगी पडेल याचा त्यांनी कसून अभ्यास केला.

दोन्ही कथांत दार बंद होते. सेंदाईस विद्यापीठाने मंत्रालयाच्या विरोधात उभे राहून ते उघडले. बंगळूरला एका एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला ते एकटीने ठोठवावे लागले. माझ्या मते पहिला मार्ग अधिक श्रेयस्कर, कारण प्रत्येक मुलीच्या अंगी कमलाबाईंचे धैर्य असेल अशी अपेक्षा कोणत्याही संस्थेने करू नये. आणि संस्थेलाच काय, घरालाही हे लागू आहे.

कुरोदांच्या काळी प्रश्न असा होता की, हा पदार्थ कोणता. आज त्याच प्रश्नाला पुढची शेपटी जोडली गेली आहे: पेशी हा पदार्थ केव्हा बनविते, कोणाच्या आज्ञेने बनविते, आणि आज्ञा चुकली तर काय होते. यालाच रेणवीय जीवशास्त्र म्हणतात. शिकोनिनचेच पाहा. मुरासाकी दुर्मिळ होऊ लागली तेव्हा जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या मुळांच्या पेशी शेताऐवजी टाक्यांत वाढविल्या, आणि १९८० नंतरच्या दशकात ओठांच्या लालीसाठी हा रंग कारखान्यात तयार होऊ लागला. वनस्पतीच्या पेशी टाकीत वाढवून व्यापारी प्रमाणावर काढलेल्या द्रव्यांपैकी ते अगदी पहिल्यांतील एक.

सेंदाईचेच एक विद्यार्थी कोइची तानाका. १९८३ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते क्योतोच्या शिमाद्झू या उपकरणे बनविणाऱ्या कंपनीत लागले. प्रथिनाचा रेणू प्रचंड व नाजूक असतो. लेझर किरणाने त्याला उडवून त्याचे वजन करावयाचे तर तो फुटून जातो. एके दिवशी तानाकांच्या हातून धातूच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले. भुकटी महाग, टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी ते मिश्रण तसेच वापरून पाहिले आणि प्रथिन न फुटता उडाले. वस्तू वाया घालवू नये ही आजीची शिकवण आपल्याला उपयोगी पडली, असे त्यांनी सांगितले आहे. या कामाबद्दल २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. तेव्हा त्यांच्या नावापुढे डॉक्टरेटही नव्हती.

अलीकडील थोर नाव मासायुकी यामामोतो यांचे. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन सतत बनते आणि सतत नष्ट केले जाते. नष्ट करविणाऱ्याचे नाव कीप-१. एखादे विषारी द्रव्य पेशीत शिरले की ते कीप-१ ला जाऊन चिकटते, त्याची पकड ढिली होते, आणि मोकळे झालेले एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रात जाऊन विष उतरविणाऱ्या अनेक विकरांची जनुके जागी करते. यामामोतो व त्यांचे सहकारी यांनी त्सुकुबा विद्यापीठात असताना ही यंत्रणा उलगडली आणि पुढे सेंदाईस ते काम वाढविले.

११ मार्च २०११ रोजी या प्रदेशाला ९ तीव्रतेच्या भूकंपाने व पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने हादरविले. किनाऱ्यावरील गावेच्या गावे वाहून गेली. रुग्णालयांबरोबर रुग्णांची टिपणेही गेली. विद्यापीठाच्या इमारतींचीही हानी झाली. अशा वेळी इमारती पुन्हा उभारून थांबणे कोणालाही क्षम्य ठरले असते. सेंदाईने २०१२ साली तोहोकू मेडिकल मेगाबँक ही संस्था सुरू केली. आपत्तिग्रस्त मियागी व इवाते प्रांतांतील सुमारे दीड लाख लोकांनी तिला आपले रक्त, आपल्या आरोग्याची माहिती आणि आपल्या जनुकांचा आलेख दिला. त्यांतील मोठा भाग तीन पिढ्यांच्या कुटुंबांचा आहे: गर्भवती माता, बालक, आणि आजी-आजोबा. कोणत्या घरात कोणता रोग का उतरतो, त्यात रक्ताचा वाटा किती आणि आहार-विहाराचा किती, हे अशा दीर्घ अभ्यासावाचून कळत नाही.

येथे वाचकांनी आपल्या बेटाकडे वळून पाहावे. मधुमेह शिरला नाही असे घर आपल्यात क्वचितच असेल. १९८७ साली मॉरिशसमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण जगातील फार वरच्या प्रमाणांत निघाले. त्यानंतर सरकारने स्वस्त दराच्या खाद्यतेलातील पामतेलाच्या जागी मुख्यतः सोयाबीन तेल आणले, आणि पाच वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले. तेलाच्या बाटलीतील एका फरकाने साऱ्या राष्ट्राच्या रक्तात फरक पडला! तथापि मधुमेह हटलेला नाही. तो आपल्या कुळांत का रुजला, याचा शोध घेण्यास आपल्यातीलच संशोधक हवेत. औषधी वनस्पतींच्या क्षेत्रात अमीना गुरीब-फकीम यांनी, पुढे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, मॉरिशस व रॉड्रिग्जच्या वनस्पतींची नोंद व परीक्षा करून वाट दाखविलीच आहे. उसाच्या संशोधनासाठी रेदुई येथे १९५३ पासून संस्था आहे. उसाच्या शेतात ज्यांनी पिढ्या घालविल्या त्यांच्या नातवंडांना आपल्या रक्तातील साखरेचा अभ्यास परका वाटू नये.

विद्यार्थिजीवनाविषयी थोडे. जपानात पदव्युत्तर विद्यार्थी वर्गाचा कमी व प्रयोगशाळेचा अधिक असतो. एका प्राध्यापकाची एक प्रयोगशाळा, तीत साहाय्यक अध्यापक, वरिष्ठ व कनिष्ठ विद्यार्थी. जवळजवळ एकत्र कुटुंबच, आणि एकत्र कुटुंबाचे गुणदोष दोन्ही तिच्यात असतात. सामान्यतः प्रथम काही महिने संशोधक-विद्यार्थी म्हणून राहावे लागते, नंतर प्रवेशपरीक्षा, मग दोन वर्षांची मास्टर्स व तीन वर्षांची डॉक्टरेट. वैद्यकाच्या शाखेत डॉक्टरेट चार वर्षांची. विज्ञानातील प्रबंध इंग्रजीत लिहिता येतो, परंतु दुकानदार, घरमालक व दवाखाना इंग्रजीत बोलत नाहीत. जपानी शिकण्यावाचून गत्यंतर नाही. फ्रेंच-इंग्रजी-क्रेओल-मराठी अशा चार भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना पाचवी जड जाऊ नये, असे वाटते. हिवाळ्यात बर्फ पडते. शाकाहारी मुलांनी विशेष सावध असावे, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो.

एकटेपणाचे दुःख मी झाकणार नाही. १९०४ साली चीनमधील एक तरुण सेंदाईच्या वैद्यक विद्यालयात आला. पुढे हेच विद्यालय विद्यापीठात विलीन झाले. परदेशी म्हणून काही सहाध्यायांनी त्याला बोचणारी वागणूक दिली. पण शरीररचनाशास्त्राचे शिक्षक फुजिनो गेनकुरो त्याच्या वह्या मागवून घेत आणि आरंभापासून शेवटपर्यंत, भाषेच्या चुकांसह, लाल शाईने सुधारून परत देत. दोन वर्षांनी तो तरुण वैद्यक सोडून गेला आणि लू शुन या नावाने चीनचा महान लेखक झाला. गुरूंची तसबीर त्याने आपल्या लिहिण्याच्या खोलीत लावली होती.

खर्चाची चिंता मात्र वाटते त्यापेक्षा कमी आहे. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ, येण्या-जाण्याचे भाडे, आणि अलीकडच्या वर्षांत दरमहा सुमारे १ लाख ४५ हजार येन मिळत आले आहेत. सेंदाईत काटकसरीने राहणाऱ्याला ते पुरतात. खरी किंमत वर्षांची आहे. बरोबरीचे मित्र घर बांधतील, लग्ने करतील, आणि आपले मूल तिशीत अद्याप विद्यार्थीच असेल. परतल्यावर नोकरी आयती वाट पाहत असेल असेही नाही. मुलीच्या बाबतीत हे सर्व दुप्पट तीव्रतेने बोलून दाखविले जाते. मुलाला न विचारलेला प्रश्न मुलीलाही विचारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांचा निश्चय झाला असेल त्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये. आपल्या आवडीच्या प्राध्यापकांचे दोन-तीन तरी निबंध वाचून त्यांना पत्र लिहावे. पत्र एका पानाचे असावे. त्यात आपण काय वाचले, त्यातील कोणता प्रश्न आपल्याला पडला, आणि प्रयोगशाळेत कोणते काम आपण स्वतःच्या हातांनी केले आहे, हे लिहावे. स्तुती गाळावी. उत्तर न आल्यास तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिण्यास हरकत नाही. मॉरिशसमध्ये जपानची वकिलात २०१७ पासून आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज वकिलातीमार्फत वर्षातून एकदा घेतले जातात, आणि निवडीत लेखी परीक्षा व मुलाखत दोन्ही असतात.